‘सेन्सर बदलला तरी पीयूसी नापास’ या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची तक्रार वाचली आणि सोबतचे फोटो मोठे करून पाहिले. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुमची २०१८ ची बीएस-४ पेट्रोल गाडी पीयूसीला सीओवर (धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडवर) नापास झाली. तुम्ही आमच्या नाशिकच्या मुंबई नाक्यावरच्या दुकानातून चार वायरींचा युनिव्हर्सल (कुठल्याही गाडीला वायरी जोडून बसवायचा) ऑक्सिजन सेन्सर नेला आणि घरीच बसवला. त्यानंतर चेक लाइट लागला, पी०१३५ कोड आला आणि दुसऱ्या पीयूसीत सीओ ०.८४ वरून १.१२ टक्क्यांवर गेला. बसवलेला सेन्सर आम्ही परत घेतला नाही, म्हणून ‘डुप्लिकेट माल’ लिहून तुम्ही एक स्टार दिलात.

माल डुप्लिकेट नाही. तुम्ही सेन्सर घेऊन आलात तेव्हा काउंटरवर तुमच्यासमोरच मीटर लावला होता. सेन्सरला आतून तापवणाऱ्या हीटरच्या दोन वायरींमध्ये ९ ओहम आले. थंड सेन्सरला साधारण ३ ते १५ ओहम येतात आणि हीटर जळालेला असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. पी०१३५ हा कोड कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा आहे. हीटर शाबूत असूनही हा कोड येत असेल, तर आधी जोडणीच तपासायची.

जोडणी तुमच्या दुसऱ्या फोटोत स्पष्ट दिसते. जुन्या सेन्सरच्या वायरी दोन काळ्या, एक निळी, एक पांढरी. नव्याच्या दोन पांढऱ्या, एक काळी, एक करडी. तुम्ही पांढरीला पांढरी आणि काळीला काळी जोडली. दिसायला ते बरोबर वाटतं, पण दोन कंपन्यांचे रंग वेगळे आहेत. जुन्यात हीटरच्या वायरी काळ्या, सिग्नलची निळी आणि सिग्नलच्या अर्थची (अर्थिंगची) पांढरी. नव्यात हीटरच्या पांढऱ्या, सिग्नलची काळी, अर्थची करडी. त्यामुळे जुन्या दोन काळ्यांना नव्या दोन पांढऱ्या (या दोघींत उलटसुलट झालं तरी चालतं), निळीला काळी आणि पांढरीला करडी, अशी जोडणी हवी होती. हा तक्ता खोक्यातल्या कागदावर छापलेला आहे. युनिव्हर्सल सेन्सर घेणाऱ्या प्रत्येकाने कात्री लावण्याआधी तो कागद आणि जुन्या वायरींचे रंग शेजारी ठेवून पाहावेत. एवढी खात्री करता येत नसेल तर थोडे पैसे जास्त द्या, पण आपल्या गाडीचा सॉकेट लागून आलेला सेन्सरच घ्या. आम्हीही आधी तोच दाखवतो.

दुसरं, तुम्ही जोडांना डाग दिला आहे (सोल्डर केलं आहे). इतर वायरिंगला तो चालतो, इथे नाही. असा झिर्कोनियाचा (एका सिरॅमिकचा) सेन्सर धुरातला ऑक्सिजन बाहेरच्या हवेतल्या ऑक्सिजनशी ताडून पाहतो, आणि बऱ्याच सेन्सरमध्ये ती बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच आत जाते. कथील आणि फ्लक्स तारांत झिरपले की ती वाट बंद होते. म्हणून इथे क्रिंप स्लीव्हच (दाबून बसवायची धातूची नळी) वापरायची. चारही जोड एकाच जागी न घेता थोडे मागेपुढे ठेवायचे, म्हणजे जाड गाठ होत नाही. सॉकेटमध्ये ग्रीस किंवा स्प्रे मारायचा नाही. वायर साइलेन्सरला टेकत नाही ना, तेही पाहायचं.

तिसरं, आट्यांना लावलेला लाल सिलिकॉन. तो कधीच लावू नका. गरम झाल्यावर त्याची वाफ टोकावर पांढरा थर धरते आणि सेन्सर हळूहळू बहिरा होतो. तुमच्या सेन्सरचं टोक अजून स्वच्छ दिसतं, म्हणजे वेळेत काढलात. सेन्सरची वॉशर रिंगच धूर अडवते. आट्यांना कंपनीने लावलेली पेस्ट पुरते. ती नसेल तर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) अगदी पुसट लावायची, टोकाला बोटसुद्धा लागू द्यायचं नाही. आटे १८ मिमीचे, पाना २२ चा. वायर जायला खाच असलेला खास सॉकेट पाना मिळतो, तोच घ्या. आवळणी ४० ते ५० न्यूटन मीटर. जुना सेन्सर काढताना इंजिन कोमट असावं. पूर्ण थंड असेल तर गंज सोडत नाही आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) जोर लावला तर आटे उपटून येतात.

आता मुख्य मुद्दा. हा सेन्सर बदलायची गरज होती का? तुमच्या पहिल्या स्लिपवर आयडलला (उभ्या गाडीत इंजिन मंद चालताना) सीओ ०.८४ आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) १४०. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीला आयडलवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम ही मर्यादा आहे. २५०० आरपीएमच्या आसपास सीओ ०.२ आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. तुमचा एचसी मर्यादेत आहे, म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) नाही, प्लग आणि कॉइल ठीक आहेत. फक्त सीओ चढलाय, याचा अर्थ पेट्रोल जास्त पडतंय. ते का पडतंय हे स्लिप सांगत नाही.

तुमच्या चौथ्या फोटोत मॅनिफोल्डच्या पॅकिंगजवळ काजळीचा काळा पट्टा आहे, सेन्सरच्या अलीकडेच, इंजिनच्या बाजूला. तिथे फट पडली असावी, असा आमचा संशय आहे. अशा फटीतून धूर बाहेर येतोच, पण दोन झटक्यांच्या मधे बाहेरची हवा आतही ओढली जाते. ती हवा सेन्सरच्या टोकावर आली की त्याला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि तो ‘मिश्रण पातळ आहे’ असं कळवतो. ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो आणि सीओ चढतो. सेन्सर नवा असो की जुना, त्या फटीपाशी दोघंही तेच सांगणार. दुसऱ्या वेळी तर चुकीच्या जोडणीमुळे ईसीयूला सेन्सरचा भरवसाच राहिला नाही. अशा वेळी तो ठरावीक अंदाजाने, सहसा थोडं जास्तच पेट्रोल सोडतो. १.१२ चा आकडा त्यातून आला असणार.

पॅकिंग ठीक निघालं तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा) उघडा अडकलाय का ते पाहायचं, कारण इंजिन तापतच नसेल तर ईसीयू थंडीचंच पेट्रोल देत राहतो. कूलंट टेंपरेचर सेन्सर, टपकणारा इंजेक्टर, उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), हे त्यानंतर. कॅटचा नंबर सगळ्यात शेवटी, कारण खर्च मोठा आणि मूळ दोष तसाच ठेवला तर नवा कॅटही जळतो. कॅटच्या नंतरचा दुसरा सेन्सर बदलून सीओ उतरेल असं कोणी सांगितलं तर पैसे घालू नका. त्याचं मुख्य काम कॅटवर नजर ठेवणं आहे.

सेन्सर मागण्याआधी प्रत्येकाने साध्या स्कॅनरवर लाइव्ह डेटा पाहावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. गरम इंजिनवर कॅटच्या आधीच्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत खालीवर नाचायला हवा. तो नाचत असेल तर सेन्सर जिवंत आहे. एका जागी चिकटला असेल किंवा आळसटल्यासारखा फिरत असेल, तेव्हाच खर्च करा.

परत घेण्याबद्दल: वायर कापलेला, डाग दिलेला सेन्सर दुसऱ्या गिऱ्हाइकाला नवा म्हणून देणं आमच्याकडून होणार नाही. बिलावर छापलेला नियम त्यासाठीच आहे आणि तो तुमच्यासाठीही तोच राहील. पण तुमची गाडी अडून राहावी अशी आमची इच्छा नाही. स्कॅनर लावायचे पैसे घेणार नाही. डागाच्या अलीकडे वायर पुरेशी शिल्लक आहे, ती कापून क्रिंप करून देऊ. जोडण्याआधी सेन्सर गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीत धरून तुमच्यासमोर व्होल्ट पाहू. ज्योतीत ०.८ च्या आसपास चढला आणि बाहेर काढताच खाली आला, तर तोच वापरा. हीटरचे १२ व्होल्ट सिग्नलच्या वायरीवर गेल्यामुळे तो आतून गेला असण्याची शक्यता आहे. तसं निघालं तर नवा आमच्या खरेदीच्या भावाने देऊ. हीटरचा फ्यूजही त्याच वेळी पाहू.

दुरुस्तीनंतर जुने कोड पुसायचे आणि ३०-४० किमी गाडी चालवायची, त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत जाऊन आलात तरी पुरे. त्यात ईसीयू पेट्रोलचा हिशोब नव्याने शिकतो. पीयूसीला गाडी तापलेली न्यायची, रांगेत इंजिन बंद करून थांबायचं नाही. कॅट थंड असेल तर चांगली गाडीही नापास होऊ शकते.

आमच्याकडे येताना मात्र उलट करा. आदल्या संध्याकाळी गाडी दुकानासमोर लावून जा. पॅकिंगची फट थंड इंजिन सुरू करताच पहिल्या एक-दोन मिनिटांत टकटक ऐकू येते, नंतर धातू फुगून ती दबते. सकाळी पहिला सेल्फ तुम्ही स्वतः मारा, आम्ही बॉनेटपाशी उभे राहतो.