‘टॅक्स नाही म्हणून कप मिळतो’ हे फॉरवर्ड करण्याआधी जरा कॅपचा हिशोब बघा

सध्या टोरांटो-मिसिसागाकडच्या आपल्या मंडळींत एक दावा जोरात फिरतोय, आणि फक्त आपल्यात नाही, अख्ख्या कॅनडात फिरतोय. दावा असा की एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये सॅलरी कॅप (टीमने खेळाडूंच्या पगारावर खर्च करायची कमाल मर्यादा) सगळ्यांना सारखी आहे हे नुसतं कागदावर, कारण फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा, टेनेसी आणि वॉशिंग्टन या राज्यांत पगारावर स्टेट इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे तिथल्या सहा टीम्सना खेळाडू स्वस्तात मिळतात, फ्लोरिडातले ८ मिलियन म्हणजे टोरांटोतले १०, आणि म्हणूनच २०२० ते २०२५ मधले सहापैकी पाच स्टॅनली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, याच टीम्सनी नेले, तेव्हा बाकीच्या मॅनेजरांनी कितीही डोकं लावलं तरी उपयोग नाही, आधी टॅक्सप्रमाणे कॅप ॲडजस्ट करा मग बोला.

मी लीफ्सवाला आहे, म्हणजे टोरांटोच्या टीमचा. कॅनडातल्या टीमने शेवटचा कप जिंकला तो १९९३ ला, मॉन्ट्रियलने, आणि लीफ्सचा शेवटचा कप १९६७ चा, त्यामुळे हा राग कुठून येतो ते मला नीट कळतं. पण हा दावा मला पटत नाही आणि त्रासही देतो, कारण ज्यांनी टीम बांधताना चुका केल्या ते सगळे याच्या आड सुखरूप सुटतात.

ज्यांना कॅप नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलच्या पर्ससारखंच, सगळ्यांना एकच आकडा, फक्त इथे मेगा ऑक्शन नाही, करार सात-सात आठ-आठ वर्षं चालतात आणि एकदा चुकीचा करार केला की तो वर्षानुवर्षं मानेवर बसतो. २००४-०५ चा अख्खा सीझन लॉकआउटमध्ये गेला आणि त्यानंतर कॅप आली, पहिल्या वर्षी ३९ मिलियन डॉलर, २०२५-२६ ला ९५.५ मिलियन. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, म्हणजे सरासरी जी येते ती कॅप हिट, आणि खाली करारांपुढे जे आकडे येतील ते हेच, वर्षाचे, मिलियन डॉलरमध्ये. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मुद्दे घेऊ.

सहापैकी पाच कप. आकडा खरा आहे. टॅम्पा (तीही फ्लोरिडा राज्यातलीच) २०२० आणि २०२१, व्हेगस २०२३, फ्लोरिडा पँथर्स २०२४ आणि २०२५, मध्ये फक्त २०२२ ला कोलोरॅडो. उलट, हा दावा करणाऱ्यांना मी अजून एक मुद्दा देतो, या सहाही फायनलमध्ये टॅक्स नसलेल्या राज्यातली एक तरी टीम होतीच. पण मग २००६ पासून का नाही मोजत? कॅप तेव्हापासून आहे, आणि फ्लोरिडात टॅक्स तेव्हाही नव्हता. २००६ ते २०१९ चौदा कप झाले: कॅरोलायना, ॲनाहाइम, डेट्रॉइट, पिट्सबर्ग, शिकागो, बॉस्टन, लॉस एंजेलिस, शिकागो, लॉस एंजेलिस, शिकागो, पिट्सबर्ग, पिट्सबर्ग, वॉशिंग्टन कॅपिटल्स (हे राजधानीवाले, टॅक्स नसलेलं वॉशिंग्टन राज्य वेगळं), सेंट लुइस. चौदापैकी टॅक्स नसलेल्या राज्यात गेले शून्य. आणि त्यातले तीन कॅलिफोर्नियात, जिथे वरच्या पगारावरचा स्टेट टॅक्स १३.३ टक्के, म्हणजे अमेरिकेत सगळ्यात जास्त! टॅक्सच कप देत असेल तर ॲनाहाइम आणि एलएला हे तीन कप कुणी दिले?

फ्लोरिडा पँथर्सचंच बघा ना. १९९६ ला फायनल खेळले आणि त्यानंतर प्लेऑफची पुढची सिरीज जिंकली ती थेट २०२२ ला. मध्ये तर सलग दहा सीझन प्लेऑफच नाही. तोच समुद्र, तेच हवामान, तोच शून्य टक्के टॅक्स, आणि तेव्हा फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळे झालेले खेळाडू, तिकडे रांग लावून उभे नव्हते.

‘खेळाडू टॅक्स बघून तिकडे जातात’ हा दुसरा मुद्दा, आणि मला यातच सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण ज्या टीम्सनी कप जिंकले त्यांचे खेळाडू आले कुठून हे कुणी बघतच नाही.

टॅम्पा घ्या. स्टॅमकोस २००८ च्या ड्राफ्टचा (टीम्स पाळीपाळीने तरुण खेळाडूंची नावं घेतात तो) पहिला पिक, हेडमन २००९ चा दुसरा, व्हासिलेव्हस्की २०१२ चा एकोणिसावा, कुचेरोव्ह २०११ ला दुसऱ्या राउंडमध्ये ५८ वा, ब्रेडन पॉइंट २०१४ ला तिसऱ्या राउंडमध्ये ७९ वा, पालाट तर सातव्या राउंडमध्ये. ड्राफ्टमध्ये पोराला कुणी विचारत नाही की बाबा तुला टॅक्स कुठला आवडेल, ज्याने नाव घेतलं तिकडे जायचं, आणि सुरुवातीचा करारही ठरावीक मर्यादेतच. पॉइंटच्या आधी ७८ नावं घेतली गेली, त्यात टोरांटोनेपण घेतली.

व्हेगस. मार्क स्टोन ओटावाकडून ट्रेड, आयकल बफेलोकडून ट्रेड. आयकलची कॅप हिट १० मिलियन, आणि तो करार त्याने सही केला बफेलोत असताना, म्हणजे न्यूयॉर्क राज्याचा टॅक्स डोक्यात धरून. ट्रेड झाला तेव्हा ती कॅप हिट बदलली नाही, जशीच्या तशी सोबत आली. म्हणजे आयकलचा फायदा झाला असेल, त्याच्या खिशात जास्त उरले असतील, पण व्हेगसच्या कॅपमध्ये त्यातला एक डॉलरसुद्धा वाचला नाही. दावा करणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात, खेळाडूचा फायदा आणि टीमचा फायदा ही एकच गोष्ट नाही, टीमचा फायदा फक्त तेव्हा होतो जेव्हा नवीन करार तिथे बसून कमी आकड्यावर सही होतो.

आणि फ्लोरिडा. बिल झीटो २०२० च्या सप्टेंबरमध्ये जनरल मॅनेजर झाला आणि त्यानंतर काय काय झालं ते बघण्यासारखं आहे. कार्टर व्हर्हेगी, टॅम्पाला कॅपमध्ये बसवता येईना म्हणून त्यांनी सोडला, झीटोने वर्षाला १ मिलियनवर दोन वर्षांसाठी घेतला. हाच पोरगा मुळात २०१३ ला टोरांटोने ड्राफ्ट केलेला! आणि २०२३ ला बॉस्टनविरुद्ध सातव्या गेममध्ये ओव्हरटाइमला गोल मारून ६५ मॅच जिंकलेल्या टीमला घरी पाठवलं ते यानेच. फोर्सलिंग, जानेवारी २०२१ ला कॅरोलायनाने वेव्हर्सवर टाकला, म्हणजे कुणाला हवा तर न्या म्हणून सोडला, ट्रेडपण नाही, फुकट, ज्या ज्या टीम्सचा नंबर फ्लोरिडाच्या आधी होता त्या प्रत्येकीने त्याला जाऊ दिला, आणि तो आज लीगमधल्या उत्तम डिफेन्समनमध्ये धरला जातो. मोंटूर बफेलोकडून तिसऱ्या राउंडच्या पिकवर. सॅम बेनेट कॅल्गरीकडून, जिथे तो चौथ्या लाइनपर्यंत घसरला होता, आणि २०२५ ला प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा त्याची कॅप हिट होती ४.४२५ मिलियन. यातल्या एकानेही टॅक्सचा तक्ता बघून फ्लोरिडा निवडलं नव्हतं, त्यांना शोधून आणलं होतं.

मग जुलै २०२२. पँथर्स नुकतेच १२२ पॉइंट्स करून लीगमध्ये पहिले आलेले, हुबर्डो ११५ पॉइंट्सचा (खेळाडूचे पॉइंट्स म्हणजे गोल अधिक असिस्ट) हिरो, आणि झीटोने त्यालाच, सोबत वीगर, अजून एक तरुण खेळाडू आणि पहिल्या राउंडचा पिक देऊन मॅथ्यू ट्काचुक घेतला. टॅम्पाने प्लेऑफमध्ये चार-शून्यने धुतल्यावर त्यांना कळलं होतं की ही टीम रेग्युलर सीझनची आहे, मे-जूनची नाही. ट्काचुकने आठ वर्षं ९.५ वर सही केली, यात टॅक्सचा हात असेलही, मी नाही म्हणत नाही. पण तिकडे हुबर्डोला कॅल्गरीने एकही मॅच खेळायच्या आधी आठ वर्षं १०.५ दिले आणि पुढच्या सीझनला तो ११५ वरून ५५ वर आला. कॅल्गरीला तो आकडा लिहायला टॅक्स ऑफिसने सांगितलं नव्हतं.

बरं, टॅक्स नसला की स्वस्तात सही होते हे तरी नेहमी खरं आहे का? बोब्रोव्हस्की, २०१९, फ्री एजंट, फ्लोरिडाने दिले सात वर्षं १० मिलियन, गोलकीपरसाठी प्रचंड आकडा, आणि पुढची तीन-चार वर्षं लोक त्याला लीगमधल्या सगळ्यात वाईट करारांत मोजत होते. रँटनेन डॅलसमध्ये आठ वर्षं १२. आपला मार्नर २०२५ ला व्हेगसला गेला, आठ वर्षं १२. सूट कुठाय? आणि ज्या टॅक्सवाल्या ठिकाणी स्वस्त करार झाले त्यांची यादी पण बघा: मॅकिनन कोलोरॅडोत सात वर्षं ६.३, आणि त्याच करारावर २०२२ चा कप, बॉस्टनमध्ये बर्जरॉन ६.८७५, मार्शंड ६.१२५, पास्टर्नाक ६.६६७. हे करार स्वस्त पडले ते वेळेमुळे, खेळाडू पूर्ण बहरायच्या आधी टीमने लांबचा करार करून टाकला म्हणून. मॅकडेव्हिडने तर ऑक्टोबर २०२५ ला एडमंटनमध्ये परत १२.५ वरच सही केली, कॅप एवढी वर जात असताना, आणि अल्बर्टात वरचा टॅक्स ४८ टक्के आहे.

याउलट नॅशविल. टॅक्स नाही, शहर सगळ्यांना आवडतं, २०२४ च्या उन्हाळ्यात स्टॅमकोस, मार्शेसो आणि शे असे तीन मोठे फ्री एजंट एकदम उचलले, सगळे म्हणाले यंदा हेच. त्या सीझनला प्लेऑफ पण नाही, टेबलात तळाजवळ. सिएटल, तिथेही टॅक्स नाही, पहिल्या चार सीझनमध्ये एकदाच प्लेऑफ.

‘८ म्हणजे १०’ या गणिताबद्दल पटकन. ओंटारियोत वरच्या पगारावर ५३.५३ टक्के जातात, फ्लोरिडात ३७ टक्के फेडरल आणि वर थोडं मेडिकेअर, म्हणजे कागदावर फरक आहे आणि मोठा आहे. पण निम्म्या मॅच बाहेर असतात आणि न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियात खेळलेल्या दिवसांचा टॅक्स तिकडे भरावाच लागतो. टेनेसीत तर २०१४ पर्यंत हॉकी खेळाडूंवर दर मॅचला २५०० डॉलर असा वेगळाच कर होता, जास्तीत जास्त तीन मॅचचा. शिवाय लीफ्ससारखी श्रीमंत टीम कराराचा मोठा हिस्सा साइनिंग बोनस म्हणून रोख आधीच देऊ शकते, जे लहान मार्केटच्या मालकांना झेपत नाही. हा फायदा कुठल्याच फॉरवर्डमध्ये दिसत नाही.

काही जण यात जखमी खेळाडूंचा नियम पण घुसवतात (लांबच्या दुखापतीतल्या खेळाडूच्या पगाराइतकं कॅपच्या वर जाता येतं), की कुचेरोव्ह २०२०-२१ चा अख्खा रेग्युलर सीझन बाहेर बसला, त्याची जागा कॅपमध्ये वापरली आणि प्लेऑफला येऊन त्याने ३२ पॉइंट्स केले. झालं खरं, आणि चीड येण्यासारखंच होतं. पण त्याचा टॅक्सशी संबंध काय? हेच शिकागोने २०१५ ला केन जखमी असताना केलं, त्या जागेत व्हर्मेट आणि टिमोनेन आणले, केन प्लेऑफच्या पहिल्या गेमला परत, आणि फायनलला हरवलं कुणाला, तर टॅम्पाला. आता २०२५-२६ पासून प्लेऑफलाही कॅप मोजतात, तो विषय संपला.

आता आपल्या घरचं. २०१८ आणि २०१९ मध्ये लीफ्सने टवारेस ११, मॅथ्यूज ११.६३४, मार्नर १०.९०३ आणि नीलँडर ६.९६२ असे करार केले, बेरीज साडेचाळीस मिलियन, कॅप तेव्हा ८१.५. म्हणजे चार जणांत निम्मी कॅप. हिशोब असा होता की कॅप वाढत जाईल, मग कोविड आला आणि कॅप तीन सीझन ८१.५ वरच थांबली. कोविड कुणालाच दिसला नसता, हे मान्य. पण मॅथ्यूज आणि मार्नरला पाच-सहा वर्षांचेच करार दिले, आठ वर्षं मागायला हवी होती तिथे. काद्री ४.५ मिलियनवर होता, त्याला २०१९ ला कोलोरॅडोला दिला, त्याने २०२२ च्या फायनलमध्ये ओव्हरटाइमचा गोल मारला आणि कप उचलला. हायमनला २०२१ ला जाऊ दिलं, तो एडमंटनला ५.५ वर गेला आणि २०२३-२४ ला ५४ गोल. हायमन टॅक्स वाचवायला अल्बर्टात गेला असं कुणी म्हणणार आहे का? आपल्याकडे त्याच्यासाठी जागा उरली नव्हती, कारण ती आपणच संपवली होती.

एडमंटनचंही तसंच. दोन वर्षं सलग फ्लोरिडाशी फायनल हरले, पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये सेंट लुइसने ब्रोबर्ग आणि हॉलवे या दोघा तरुण पोरांना ऑफर शीट देऊन उचललं (दुसऱ्या टीमच्या खेळाडूला कराराची ऑफर, जुन्या टीमने तेवढेच दिले तरच तो राहतो) तेव्हा एडमंटनकडे मॅच करायला कॅपमध्ये जागा नव्हती. मिझुरीत टॅक्स आहे, बरं का.

राहिली मागणी, टॅक्सप्रमाणे कॅप ॲडजस्ट करायची. कशी करणार? प्रत्येक खेळाडू कुठला रहिवासी, बोनस किती, बायको-मुलं कुठे राहतात, कॅनेडियन डॉलर कितीवर आहे, मग घरभाडं पण धरायचं का, जाहिरातींचे पैसे पण धरायचे का, कारण टोरांटोत ते जास्त मिळतात? आणि कॅप ही लीगच्या उत्पन्नातल्या मालक-खेळाडूंच्या अर्ध्या-अर्ध्या वाट्यातून निघते, एका टीमला जास्त दिलं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून येणार, त्याला खेळाडूंची युनियन का हो म्हणेल?

कॅप २०२६-२७ ला १०४ आणि २०२७-२८ ला ११३.५ होणार हे लीगने आधीच जाहीर केलंय. म्हणजे आज जो मॅनेजर बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला लांबच्या करारावर बांधेल त्याला तीन वर्षांनी तो करार फुकटात पडल्यासारखा वाटेल, आणि जो वाट बघत बसेल तो तेव्हा दुप्पट देईल. लीफ्सने नाइजला सहा वर्षं ७.७५ वर बांधला ते मला आवडलं. आता मॅथ्यूजचा करार २०२८ ला संपतोय, त्याच्या आधी काय ठरवताय हे विचारा त्यांना, टॅक्सबद्दल नका विचारू.