गप्पी मासे ओढ्यात सोडून डेंग्यू थांबत नाही

पावसाळा सुरू झाला की एक संदेश सर्वत्र फिरू लागतो : गप्पी किंवा गंबुसिया मासे जवळच्या तळ्यात, ओढ्यात सोडा, ते डासांच्या अळ्या खातात, डेंग्यू आटोक्यात येतो आणि उपाय नैसर्गिक असल्याने अपाय काहीच होत नाही. हेतू चांगला आहे, पण सल्ला घातक आहे.

हे मासे अळ्या खातात, एवढे खरे. मात्र डेंग्यू पसरवणारा एडिस डास ओढ्यात किंवा तळ्यात वाढत नाही. त्याची मादी पिंप, कूलर, टाकून दिलेले टायर यांच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर अंडी चिकटवते. ती कित्येक महिने कोरडी राहूनही तग धरतात आणि पाणी चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणूनच पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, ते आतून घासावे लागते. कुंडीखालच्या ताटलीतली अळी ओढ्यातल्या माशाच्या तोंडी कधीच लागणार नाही.

‘नैसर्गिक’ हे विधान तर मुळातच चुकीचे आहे. गप्पी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. गंबुसिया उत्तर अमेरिकेतला, १९२८ मध्ये इटलीमार्गे भारतात आणलेला. दोन्ही थेट पिल्लांना जन्म देतात, त्यामुळे त्यांची संख्या झपाट्याने वाढते. गंबुसिया इतर माशांची अंडी व पिल्ले खातो, बेडकांच्या पिल्लांचे लचके तोडतो. जगातील १०० सर्वांत घातक आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. आपल्याकडे डोक्यावर चंदेरी ठिपका असलेला, पृष्ठभागालगत पोहणारा पिकू हेच अळ्या खाण्याचे काम करतो. त्याच्याच पाण्यात परका स्पर्धक सोडण्याला संवर्धन कसे म्हणावे?

अपायाची आणखी एक बाजू संदेशात येतच नाही, ती परजीवींची. हवाई बेटांवर गप्पी, गंबुसिया आणि त्यांच्या कुळातील इतर मासे सोडले गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर परके कृमीही आले आणि तिथल्या ओढ्यांतील स्थानिक माशांच्या आतड्यांत जाऊन बसले. मासा दिसतो, त्याच्या पोटातला कृमी दिसत नाही.

गप्पींना जागा आहे, ती बांधकामावरच्या किंवा वापरात नसलेल्या सिमेंटच्या बंदिस्त टाकीत, जिथे दुसरे मासे नाहीत आणि जिथले पाणी ओसंडून नाल्याला मिळत नाही. टाकी उपसताना मात्र ते मासे गाळून दुसऱ्या टाकीतच हलवावेत.