लंबक नेमकं काय मोजतो? गिरगावकर सरांना उत्तर

गिरगावकर सर,

तुमची प्रतिक्रिया रविवारी वाचली आणि दोन दिवस गप्प बसले, कारण तुमचा एक मुद्दा बिनतोड आहे. बाकीचे दोन मात्र मला पटलेले नाहीत.

ज्यांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली असेल त्यांच्यासाठी: ग्रँडफादर क्लॉक, म्हणजे वजनांवर चालणारं, माणसाएवढ्या लाकडी खोक्यातलं लंबकाचं घड्याळ, विज्ञानकथेत शोभून दिसतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. सर म्हणतात, ते भुताच्या गोष्टीतलं सामान आहे, विज्ञानकथेत अणुघड्याळ (लंबकाऐवजी अणूंच्या ठोक्यांवर वेळ मोजणारं) हवं. शिवाय ते साहेबाच्या दिवाणखान्यातलं. १८० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेल्या माणसाचा त्याच्याशी संबंध काय? आणि इंजिन बंद करून तरंगणाऱ्या यानात ते ‘संथ टिकटिकत राहील’ असं लिहिणाऱ्या बाईंनी आधी अकरावीचं भौतिकशास्त्र उघडावं.

उघडलं, सर. चूक माझीच. संथ वगैरे काही नाही, ते बंदच पडेल. लंबक परत येतो तो खाली ओढला जातो म्हणून, आणि तरंगत्या यानात ‘खाली’ असं काही उरतच नाही. घड्याळाला चालवणारी वजनंही दोरीला ओढ देणार नाहीत. मी चंद्राचं गणित यानाला लावून मोकळी झाले होते. चंद्रावर गुरुत्व आपल्या एक षष्ठांश, त्यामुळे तिथे ते खरंच रेंगाळतं: त्याचा एक तास भरायला आपले जवळजवळ अडीच तास जातात.

पण माझं उत्तरही याच चुकीत आहे. हे घड्याळ वेळ दाखवतं, पण लंबकाच्या लांबीइतकंच ते गुरुत्वावरही चालतं. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्याँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर तिथे लंबकाचं घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक थोडा आखूड करावा लागला. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, या वादातला तो मोठा पुरावा ठरला. लाकडी खोक्यातल्या वस्तूने पृथ्वीचा आकार सांगावा, याहून विज्ञानकथेला आणखी काय पाहिजे?

अणुघड्याळ म्हणता ना, मग दोघांनाही राजाबाई टॉवरच्या टोकाला नेऊन ठेवू. २८० फूट उंची. वर गुरुत्व किंचित कमी, म्हणून लंबकाचं घड्याळ दिवसाला साधारण एक सेकंद मागे पडेल. अणुघड्याळ मात्र पुढे जाईल, कारण आइन्स्टाइनच्या सापेक्षतेप्रमाणे उंचावर काळच किंचित भरभर सरतो; तेही दिवसाला एका नॅनोसेकंदाहून (सेकंदाच्या अब्जाव्या भागाहून) कमी. एकाच जिन्याने चढलेली दोन घड्याळं, एक मागे आणि एक पुढे! (मुंबईच्या उकाड्यात हे लंबकावर तपासायला जाऊ नका. पोलादी दांडा एका अंशाने तापला तरी दिवसाचा अर्धा सेकंद जातो.) कथेतल्या खोलीत ही दोन्ही शेजारी ठेवली आणि एक मागे, दुसरं पुढे जायला लागलं, तर वाचकाला कळेल की गडबड घड्याळात नाही, खोलीखालच्या जमिनीत आहे. नुसत्या अणुघड्याळाने हे साधणार नाही.

आता भुताचं. दादरच्या पारसी कॉलनीत माझ्या ओळखीच्या एक आंटी राहतात. घराला रंग दिला तेव्हा त्यांचं उभं घड्याळ या खोलीतून त्या खोलीत गेलं, आणि तेव्हापासून दर शनिवारी बंद पडायला लागलं. रविवारी चावी द्यायची, की पुन्हा शनिवारपर्यंत ठणठणीत. कामाला येणारी बाई शनिवारी त्या खोलीत झाडू मारेना. शेवटी चोर बाजारातून एक म्हातारे कारागीर आले. मीही मुद्दाम बघायला गेले होते. त्यांनी तबकडीला हातसुद्धा लावला नाही. पुढचं दार उघडलं, वजनं कुठवर उतरलीत ते पाहिलं आणि खोक्याला वरून एक बोट लावलं. खोकं डुललं. “दीवार से बांधा नहीं ना?”

झालं होतं असं: सहा दिवसांत वजनं उतरत उतरत लंबकाच्या गोळ्याच्या पातळीला यायची. तिथे दोरीची लांबी लंबकाच्या लांबीशी जुळली, की सैल खोक्यातून पोचलेल्या हेलकाव्याने वजनंच झुलायला लागायची आणि लंबकाचा जोर खाऊन टाकायची. लाकडाची एक पट्टी आणि दोन स्क्रू, एवढ्यात भूत गेलं. लंबकाचं घड्याळ बनवणाऱ्या डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६६५ मध्ये आजारपणात पडल्या पडल्या याचंच भावंड पाहिलं होतं: एकाच आधारावर टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप ताल जुळवून, उलट दिशांनी झुलत होते. सर, शनिवारी बंद पडणारं घड्याळ ही भुताची गोष्ट. त्यातली वजनं कुठे पोचली हे बघणारा माणूस आला, की तिची विज्ञानकथा होते.

अर्थात सगळे लेखक ते बघत नाहीत. अमेरिकन लेखक एडवर्ड पेज मिचेलची उलटं चालणाऱ्या घड्याळाची कथा १८८१ ची, म्हणजे एच. जी. वेल्सच्या १८९५ च्या ‘द टाइम मशीन’ कादंबरीच्याही आधीची. पण ते घड्याळ उलटं का चालतं, याचा पटेल असा खुलासा तिच्यात नाही. तिथे तुमचा टोमणा योग्य.

साहेबाच्या दिवाणखान्याबद्दल भांडत नाही. आमच्याही चाळीच्या खोलीत ते आडवं ठेवलं असतं तर त्यावर दोघं झोपली असती. पण घड्याळाची गोष्ट मुंबईला परकी कशी? देशाची प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी हे शहर ३९ मिनिटं मागची आपली बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत धरून बसलं होतं. एखाद्या जुन्या घरातलं घड्याळ आजही बरोबर ३९ मिनिटं मागे असेल, आणि कितीही पुढे केलं तरी सकाळी परत तिथेच येत असेल, तर? हे मी लिहायला घेतलंय, ढापू नका.

यानाचं ते वाक्य आज दुपारी मूळ लेखातून काढलं. खाली दुरुस्तीची ओळ टाकायची आहे. ‘गिरगावकर’ एवढंच लिहू, की पूर्ण नाव देताय?