पोचपावती मागणाऱ्या उमेदवाराला हसणाऱ्यांसाठी

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवी मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या प्रभागातून उभ्या राहिलेल्या एका अपक्ष उमेदवार बाईंच्या पत्रकाचा फोटो पडला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. एकाने लिहिलं, "पोचपावती, फलक, मदत टेबल. बाई नगरसेवक व्हायला निघाल्यात की हेडक्लार्क?" दुसऱ्याने लिहिलं, "त्यांना पोचपावती द्या आणि घरी पाठवा." त्यावर आणखी हसणं. तिथे उत्तर दिलं असतं तर "ग्रुपवर राजकारण नको" म्हणून मेसेज उडवला असता, म्हणून इथे लिहितेय. मोठं होणार आहे. वेळ असेल तरच वाचा, पण वाचाच.

ते पत्रक मी दोन्ही बाजूंनी वाचलंय. काळ्या शाईत छापलेलं, कुणा मोठ्या नेत्याचा फोटो नाही, विमानतळाचं चित्र नाही. त्यात लिहिलंय की महापालिकेच्या विभाग कार्यालयात कुठलाही अर्ज दिला की त्याच दिवशी पोचपावती मिळाली पाहिजे आणि तिच्यावर तारीख, अर्जाचा क्रमांक आणि तो ज्यांच्या टेबलवर गेला त्यांचं नाव असलं पाहिजे. तिथेच एक मदत टेबल हवं. पेन्शन, दाखला, रेशन, दवाखान्याची योजना, काहीही अडलं तरी त्या टेबलवरच्या माणसाने ते सुटेपर्यंत पाठपुरावा करायचा. आठवड्यातून एक दिवस कार्यालय संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा होणार नाही. नागरी आरोग्य केंद्राच्या दारात आज कुठली औषधं आहेत आणि कुठली संपलीत याचा फलक. प्रभागात जे काम चालू आहे तिथे ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि काम बिघडलं तर किती वर्षं त्यानेच दुरुस्त करून द्यायचं, हे लिहिलेला बोर्ड. आणि दर तीन महिन्यांनी क्षेत्रसभा, म्हणजे मतदारांची नगरसेवकासमोर बैठक.

यात हसण्यासारखं काय आहे, मला कुणीतरी सांगा.

तुम्ही हसता, कारण तुम्हाला त्या खिडकीसमोर कधी उभं राहावं लागलेलं नाही. मालमत्ता कर मोबाइलवरून भरता, पाणीपट्टी मोबाइलवरून भरता, आजारी पडलात तर कंपनीचा विमा आहे. माझ्या आत्याकडे यातलं काही नाही.

आत्या घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. अंगात ताकद होती तोवर तुर्भ्याच्या मार्केटमध्ये लसूण निवडायला जायची. गुडघे गेले तसं काम सुटलं. आता संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये, आणि माझा भाऊ आणि मी देतो ते. ते १५०० तिचे स्वतःचे आहेत. त्यातून ती आमच्या मुलांच्या हातावर वाढदिवसाला शंभराची नोट ठेवते, आणि नको म्हटलं तर रागावते.

गेल्या वर्षी ते पैसे यायचे बंद झाले.

ती संबंधित कार्यालयात गेली. (नाव लिहीत नाही. एका कार्यालयावर बिल फाडायचं नाहीये मला.) तिथे सांगितलं, "आमच्याकडून पैसे गेलेत, बँकेत विचारा." बँकेत सांगितलं, "खात्यात काही आलेलं नाही, तिकडे विचारा." परत तिकडे, परत इकडे. रिक्षाचे पैसे, लोकलचं तिकीट, घणसोली स्टेशनचे जिने. मग मी ऑफिसमधून अर्धा दिवस रजा काढून तिच्याबरोबर गेले. तिने पासबुक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून आणलं होतं, जिथे नोंदी थांबल्या त्या पानात सुतळीचा तुकडा खूण म्हणून ठेवला होता. तिने ते खिडकीतून आत सरकवलं. आतल्या माणसाने ते उघडलंही नाही, तसंच मागे सरकवलं. "सिस्टिमला पेड दाखवतंय, मावशी." मी म्हटलं, हेच कागदावर लिहून द्या, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात. "तसं लिहून देता येत नाही."

कुठला नियम आहे हा? तोंडी सांगता येतं, मग लिहून का देता येत नाही?

आता कुणीतरी लगेच म्हणणार, निराधारची पेन्शन हा राज्य सरकारचा विषय आहे, महापालिकेचा काय संबंध. मान्य. तहसील कार्यालयाचं काम आहे, नगरसेवक तिथे हुकूम सोडू शकत नाही. पण त्या बाईंनी कुठे म्हटलंय की मी पेन्शन मंजूर करते? त्या म्हणतायत, माझ्या प्रभागात एक टेबल असेल आणि तिथला माणूस तुमच्याबरोबर पाठपुरावा करेल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत सरकारने स्वतःच रुग्णालयांत आरोग्यमित्र नेमलेत. का नेमले? कारण योजना कागदावर असून भागत नाही, आजारी माणसाच्या नातेवाइकाला कुठला कागद कुठे द्यायचा हे सांगणारं कुणीतरी समोर लागतं, हे सरकारलाही कळलं. तीच गोष्ट विभाग कार्यालयात करू म्हटलं तर हेडक्लार्क?

आत्याचं काय झालं ते सांगते. शेवटी घरामागच्या महा-ई-सेवा केंद्रातल्या मुलीला सहज विचारलं. विशीची असेल. तिने आत्याचा आधार क्रमांक घेतला, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला, आधारच्या साइटवर बघितलं आणि म्हणाली, "आजी, तुमचं आधार या बँकेला जोडलेलंच नाही. दुसऱ्या बँकेला आहे." आत्याला आठवेना. मग आठवलं. मार्केटमध्ये कामाला असताना कुणीतरी शिबिर लावून सगळ्या बायकांची झीरो बॅलन्सची खाती उघडून घेतली होती. पेन्शन थेट आधारवर जमा व्हायला लागली तशी ती त्या विसरलेल्या खात्यात जात होती. सगळे पैसे तिथे होते. एक रुपया कमी नव्हता.

म्हणजे खिडकीतला माणूस खोटं बोलत नव्हता. बँकेतली बाईही खोटं बोलत नव्हती. दोघांचं आपापलं बरोबर होतं आणि माझी आत्या मधल्या मधे किराणा उधार आणत होती. एवढीशी गोष्ट बघून सांगणं हे कुणाचंच काम नव्हतं. हे कुणाचं तरी काम असावं, एवढंच ते पत्रक म्हणतं.

आणि पोचपावती ही काही त्या बाईंच्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवांसाठी अर्ज केला की पोच द्यायची, ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायची, नाही दिली तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. कसूर केल्याचं सिद्ध झालं तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. कुठली सेवा किती दिवसांत, जबाबदार अधिकारी कोण, अपील कुणाकडे, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. किती जणांनी तो फलक थांबून वाचलाय? पोच हातात नसेल तर मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची, आणि अपीलाला जोडायचं काय? दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी बाहेर बसलेला माणूस गरिबाला स्टँप पेपर घ्यायला लावतो आणि गरीब मुकाट्याने घेतो. कायदा आहे, माफी आहे, योजना आहे. खिडकीपर्यंत पोचता पोचता सगळं हवेत विरतं.

नवी मुंबईत तर विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. महापालिकेची शेवटची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली. २०२० च्या मे महिन्यात मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासक. आधी कोरोना, मग प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचा कोर्टातला घोळ. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे गाडी हलली. २०१५ ला दुसरी-तिसरीत असलेली पोरं १५ जानेवारी २०२६ ला मतदान करणार आहेत. २०२० नंतरच्या काळात एकही नगरसेवक नव्हता आणि आपल्यातल्या कित्येकांना काही फरक पडला नाही, कारण नळाला पाणी येत होतं आणि कचऱ्याची गाडी येत होती. हो, आपली महापालिका आजूबाजूच्यांपेक्षा बरी आहे, मोरबे धरण आपलं स्वतःचं आहे, वाशीचं दिव्यांग मुलांचं ईटीसी केंद्र खरंच चांगलं आहे. हे मी नाकारत नाही. पण आत्यासारख्या माणसांना फरक पडला. पूर्वी निदान नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसता यायचं. तो काम करो न करो, लेटरहेडवर दोन ओळी खरडून द्यायचा.

आता तर चार-चारचं पॅनेल, म्हणजे एका प्रभागातून चार नगरसेवक. १११ जागा, २८ प्रभाग, एका प्रभागात तीन आणि बाकी सगळीकडे मशीनवर चार बटणं दाबायची. निवडून आल्यावर गटार तुंबलं की पहिला म्हणणार दुसऱ्याला विचारा, दुसरा म्हणणार तिसऱ्याकडे जा. आत्याला पेन्शनच्या दोन खिडक्यांनी जे केलं तेच आपल्या सगळ्यांच्या वाट्याला येणार, चार दारांवर. म्हणून मला पत्रकातली क्षेत्रसभेची ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. तीही कायद्यात आहे, २००९ पासून. मतदारांनी एकत्र बसायचं आणि नगरसेवकाने समोर उभं राहून उत्तरं द्यायची. मी तरी आमच्या भागात एक झालेली पाहिली नाही. तुमच्याकडे झाली असेल तर सांगा, मला खरंच आनंद होईल.

अजून एक ओळ आहे त्या पत्रकात, अगदी शेवटी, जी बहुतेकांनी वाचलीही नसेल. निराधार योजनेची उत्पन्नाची अट वाढवा असा ठराव महासभेत (सगळ्या नगरसेवकांच्या सभेत) करून सरकारकडे पाठवू. माहितीये का ती अट काय आहे? कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. महिन्याला १७५० रुपये. नवी मुंबईत! घणसोलीत दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं काय आहे ते विचारून या. दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये अडीच हजार केली, चांगलं केलं. पण बाकीच्यांना १५०० आणि अट तीच जुनी. लाडक्या बहिणीला अडीच लाखांची मर्यादा आणि निराधार बाईला २१ हजारांची, दोघींना रक्कम सारखीच. लाडकी बहीण नको असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीतल्या बायकांच्या हातात त्याने पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले, हे मी बघितलंय. पण ६५ वर्षं झाली की ती योजना संपते. नंतर त्या बाईने श्रावणबाळसाठी (६५ च्या वरच्या निराधारांची पेन्शन) पुन्हा तेच दाखले द्यायचे, पुन्हा तीच २१ हजारांची अट. ६५ च्या बाईचा खर्च कमी होतो का? औषधं तेव्हाच सुरू होतात.

महासभेच्या ठरावाने सरकार हलेल का? कठीण आहे. पण इतकी वर्षं ठराव करायला महासभाच नव्हती.

सकाळी लिहायला बसले तेव्हा फार चिडले होते. आता तेवढी नाही. खिडकीतल्या त्या माणसावर तर अजिबात नाही. त्याच्यामागे फायलींचा ढीग होता, पंखा बंद होता, आणि रांगेत आमच्यामागे दारापर्यंत माणसं होती. त्याने दिवसभर किती जणांचे पासबुक उघडून बघायचे? त्यालाही शेजारी एक माणूस मिळाला तर तो सुटेल. पण सोसायटीतल्या शिकलेल्या, सुस्थितीतल्या माणसांना हे वाचून हसू येतं, याचा राग मात्र अजून तसाच आहे. मोफत बस, करमाफी, चकाचक उद्यानं, सगळ्या पत्रकांत असतं आणि त्याला कुणी हसत नाही. एक बाई म्हणते, अर्ज घेतला तर सही करून द्या, आणि ती हास्यास्पद ठरते.

चारच्या पॅनेलमध्ये अपक्ष येणं अवघड, मत वाया जाईल, असं माझा नवराही म्हणतो. जाऊ दे वाया. माझ्या चार मतांतलं एक त्यांना आहे. उरलेली तीन अजून कुणालाच नाहीत. जो उमेदवार हे टेबल मी लावतो असं छापून देईल, त्याला. पक्ष कुठलाही चालेल.

प्रचाराचे थोडेच दिवस उरलेत. तुमच्या दारात पत्रकं घेऊन येतील तेव्हा एवढंच विचारा: विभाग कार्यालयात मदत टेबल लावणार का, तिथे कोण बसणार, आणि पहिली क्षेत्रसभा कुठल्या महिन्यात? मिळालेलं उत्तर उमेदवाराच्या आणि पक्षाच्या नावासकट इथे कमेंटमध्ये टाका. मी एकत्र करून १३ तारखेला परत पोस्ट करीन.

आणि ज्यांच्या घरी, शेजारी, कामाला येणाऱ्यांमध्ये कुणाची निराधार किंवा श्रावणबाळची पेन्शन थांबली असेल, त्यांचं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते आधी बघा. माय आधारच्या साइटवर दिसतं, मोबाइल नंबर आधारला जोडलेला असला की झालं. दुसरीच बँक निघाली तर घाबरू नका. पैसे तिथे पडलेले असण्याची शक्यता आहे. ज्या खात्यात हवेत त्या बँकेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरायचा. आणि त्याची पोच घ्या.