हात कुणाचा?

शनिवारी काकांना घेऊन जुन्या गोव्याला गेले होते. वय ७८. सगळा जन्म सुतारकामात गेला. देव्हारे, पालख्या, मखरं. गुडघे दुखतात, तरी सकाळी आठलाच तयार होऊन बसले होते.

जगभरच्या संस्कृती एका छपराखाली बघायला लोक लंडन-पॅरिसला जातात. जरूर जावं. पण आपल्या सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात एका हस्तिदंती मूर्तीपुढे अर्धा तास उभं राहून बघा. डोंगरावर बसलेला मेंढपाळ बाळयेशू. मांडीवर कोकरू, खांद्यावर कोकरू, गालाला टेकलेलं बोट, मिटलेले डोळे. बुद्धच आठवतो! गोव्यात अशा मूर्तींसाठी हस्तिदंत बहुतेक पूर्व आफ्रिकेतून यायचं. विषय युरोपचा, बसण्याची ढब आपल्याकडची.

काका काचेला नाक लावून बघत होते. मेंढरांची लोकर म्हणजे शेकडो बारीक टिंबं, एकसारखी. "सगळ्यांत शेवटी बाळाचा चेहरा केला असणार," ते म्हणाले. "हात बसल्याशिवाय चेहऱ्याला कुणी पटाशी लावत नाही." मग माझ्याकडे वळून हळूच, "हात आमचोच मरे."

खरंच आहे ते. पोर्तुगीज राजवटीत, १५६७ साली गोव्यात भरलेल्या चर्चच्या धर्मपरिषदेनं हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती पूजेच्या वस्तू करून घ्यायला बंदी घातली. पुढेही असे हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागले. म्हणजे काम चालूच होतं. बंदी घालणाऱ्यांनाही या हातांवाचून चालत नव्हतं.

दुपारी पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात गेलो. खाली कदंबकाळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, एकावर तर जहाजांची लढाई कोरलेली. वर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांची चित्रं, साठाच्या आसपास. ही मालिका १५४७ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर जुआंव द काश्त्रो यांनी सुरू करवली. आराखडे पोर्तुगीज इतिहासकार गाश्पार कोरैया यांचे, आणि रंगवायला इथलाच एक चित्रकार. कोरैयांनी स्वतःच ते लिहून ठेवलंय. पण चित्रकाराचं नाव? ते नाही. ज्यांची चित्रं काढली त्यांची नावं, हुद्दे, सालं, सगळं आहे.

माझं म्हणणं एवढंच की कुठल्याही संग्रहालयातली पाटी "हस्तिदंत, सतरावं शतक" एवढ्यावर संपू नये. माल कुठून आला, कोणत्या हत्यारानं कोरला, ते हात कोणत्या कारागिरांचे, हेही लिहा. मराठीत, कोकणीत लिहा, म्हणजे काकांसारख्या माणसाला ते वाचता येईल. नाव सापडत नसेल तर "कारागीर अज्ञात, गोवा" असं मोठ्या अक्षरांत लिहा. आणि पाट्या लिहिण्याआधी आज पटाशी धरणाऱ्यांना बोलावून विचारा. काकांनी अर्ध्या तासात मला जे दाखवलं, ते मी कुठल्याच पाटीवर वाचलं नव्हतं.

परतताना गाडीत मी काकांना आमच्या देवळातल्या मखराबद्दल विचारलं. त्यांनी आणि बाबांनी मिळून केलेलं, तीन महिने रोज रात्री कंदील लावून. त्याच्या मागच्या फळीवर देणगीदारांची नावं रंगवलेली आहेत, रकमेसकट. या दोघांची नाहीत. काकांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. जत्रेआधीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. गावातले जे कोणी वाचताय, त्यांनी यावं.