जिन्याची पाटी आणि परत आलेला डबा

परवा पुण्याहून इथे जर्मनीत नवीन आलेल्या एका मुलीचा फोन आला होता. चार महिने झालेत तिला इथे, नवरा सकाळी सातला बाहेर पडतो, ही दिवसभर एकटी, बोलता बोलता रडायलाच लागली. म्हणाली, ताई, इथले लोक हसतात, हॅलो म्हणतात आणि दार लावून घेतात, मग मैत्री करायची कुणाशी? फोन ठेवल्यावर मला झोपच लागेना, कारण आठ वर्षांपूर्वी मी आईला फोनवर जवळपास हेच बोलले होते. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

मी २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये स्टुटगार्टला आले. नोव्हेंबर हा इथे यायला सगळ्यात वाईट महिना. साडेचारला अंधार पडायला लागतो, रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझं माहेर साताऱ्याचं, दिवसभर दार उघडं असलेलं घर, त्यामुळे ही शांतता अंगावर यायची. पुण्यात मॅक्स म्युलर भवनमध्ये ए-टू पातळीपर्यंत जर्मन शिकून आले होते, पण इथले लोक आपसात श्वेबिश ही इथली बोली बोलतात, कुठल्याही शब्दाला 'ले' लावतात, घराचं 'हॉयसले', थोड्याचं 'बिसले', पहिले सहा महिने बेकरीत ब्रेड घेतानाही मला घाम फुटायचा.

तर जिन्याची गोष्ट. इकडच्या भागात केअरवोखे म्हणून एक पद्धत आहे, शेकडो वर्षं जुनी. बिल्डिंगचा जिना आणि पुढचा रस्ता झाडायची प्रत्येक घराची आठवड्याची पाळी असते, पाळी आली की दाराला एक छोटी पाटी लागते आणि तुमचं काम झालं की तुम्ही ती पाटी पुढच्या दाराला लावायची. आमच्या दाराला पहिल्यांदा पाटी लागली तेव्हा मी शनिवारी झाडू मारला आणि पाटी पुढच्या दाराला लावून मोकळी झाले. तासाभराने बेल. वरच्या मजल्यावरच्या आजी, सत्तरीच्या पुढच्या, हातात बादली. मला वाटलं आता भांडण. त्यांनी मला जिन्यात नेलं, कठड्याखालच्या कोपऱ्यात बोट फिरवून धूळ दाखवली, मग गुडघ्यावर बसून ओल्या फडक्याने कोपरा कसा पुसायचा ते करून दाखवलं, आणि पुढच्या पायऱ्या आम्ही दोघींनी मिळून पुसल्या. जवळजवळ काहीच बोललो नाही. पण त्या अर्ध्या तासात, इथे आल्यापासून पहिल्यांदा, मला कुणीतरी शेजारी आहे असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी डब्यात बेसनाचे सहा लाडू घालून वर दिले. चार दिवस डबा आलाच नाही. पाचव्या दिवशी आला आणि आत क्विटे नावाच्या फळाच्या घरी केलेल्या जेलीची बाटली होती. क्विटे म्हणजे दिसायला पिवळ्या पेरूसारखं, कच्चं खाता येत नाही, शिजवावंच लागतं. रिकामा डबा परत करू नये हे त्यांना कोणी शिकवलं मला माहीत नाही, माझ्या आजीने तर नक्कीच नाही 😊 पण तो डबा हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते.

माझं ठाम मत आता असं आहे की परदेशात मैत्री गप्पांतून सुरू होत नाही, निदान जर्मनीत तरी नाही. ती एकत्र केलेल्या कामातून सुरू होते. आपण लोकांना भेटायला म्हणून जातो, कुठल्यातरी मीटअपला, हसून बोलतो, नंबर घेतो आणि परत कधीच भेटत नाही. त्याने एकटेपणा वाढतो. त्यापेक्षा दर आठवड्याला त्याच जागी, त्याच माणसांत, काहीतरी हाताने करायला जा. इथे त्याच्यासाठी फेराइन असतात, म्हणजे आपल्या मंडळांसारखंच, सात जण जमले की रीतसर नोंदणी करता येते, गाण्याचं, बागेचं, टेबल टेनिसचं, कशाचंही फेराइन असतं. बऱ्याच गावांत तर आग विझवायला जाणारेसुद्धा स्वयंसेवकच असतात.

मी ट्रेक करणारी, राजगड-तोरणा किती वेळा केलाय मोजलं नाही, म्हणून मी श्वेबिशर आल्बफेराइन या डोंगरात चालणाऱ्यांच्या फेराइनच्या आमच्या भागातल्या शाखेत गेले. १८८८ मध्ये सुरू झालेली संस्था, डोंगरवाटांवरच्या खुणासुद्धा यांचेच सभासद लावतात. पहिल्या ट्रेकला वीस जणांत मी एकटी भारतीय, सरासरी वय साठ असेल, आणि सहा तासांत माझ्याशी जेमतेम चार जण बोलले. नवरा म्हणाला परत जाऊ नकोस. पण मी गेले, आणि परत गेले, आणि पाचव्या वेळी एका काकांनी विचारलं, खुणा रंगवायला येशील का, माणसं कमी पडतायत. त्या दिवशी रंगाचा डबा माझ्या हातात आला आणि मी 'ती भारतीय बाई' राहिले नाही, त्यांच्यातली झाले. नंतर होहेननॉयफेनच्या पडक्या किल्ल्यावर बसून मी त्यांना शिवाजी महाराजांच्या गडांबद्दल सांगितलं, तर पुढच्या वेळी त्यातले दोघं नकाशा छापून घेऊन आले, राजगड कुठे आहे ते दाखव म्हणून.

आणि इथले लोक थंड असतात हे मला अजिबात मान्य नाही. कॉफीला भेटूया म्हटलं की डायरी काढून तीन आठवड्यांनंतरची तारीख देतात, मलाही आधी वाटायचं की टाळतायत. पण दिलेल्या तारखेला, दिलेल्या वेळेला माणूस दारात उभा असतो, आणि मग तीन तास फोनकडे बघतही नाही. आपल्याकडे 'ये कधीतरी' म्हणतात आणि तो कधीतरी येतच नाही, असंही होतंच की.

मराठी मंडळाबद्दल कुणी वाईट बोललं तर मला राग येतो. बाळंतपणात मला डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर तिथल्याच मैत्रिणींनी आणून दिली, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. फक्त एवढंच वाटतं की आठवड्याचे सगळे दिवस तिथेच गेले, तर आपण स्टुटगार्टला आलोच नाही, पुण्यातल्याच एका सोसायटीत राहिलो असं होतं, आणि मुलं शाळेत जायला लागली की आईला शेजारी कुणी ओळखत नाही हे त्यांना कळतं.

वरच्या आजींनी मला दोन वर्षांनी 'डू' म्हण असं सांगितलं, म्हणजे अहो-जाहो सोड. इथे ते मोठ्या माणसानेच सांगायचं असतं, लहानाने नाही. त्यांच्या वाढदिवसाला, स्वतः केलेला केक कापताना म्हणाल्या. माझी जीभच वळेना, एवढ्या मोठ्या बाईला अगं-तुगं कसं करायचं? घरी येऊन आईला फोन केला. आई म्हणाली, मला काय म्हणतेस तू? आणि आजीला काय म्हणायचीस?

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर मी त्यांना 'डू' म्हटलं.

त्या मुलीला मी सांगितलंय की येत्या रविवारी चालायला ये, आम्ही बाड उराखच्या धबधब्याला जातोय. स्टुटगार्टच्या आसपास आणखी कुणी नवीन आलं असेल तर इनबॉक्स करा, स्टेशनवर सकाळी साडेआठला भेटू, शूज चांगले घाला, डबा आपापला आणा. आजीसुद्धा येणार आहे.