बजेट पास झालं म्हणजे पैसे आले असं नाही
एका लेखात म्हटलंय की ४५,८९१ कोटींची महसुली तूट (म्हणजे चालू खर्च जमेपेक्षा तेवढा जास्त) असूनही महाराष्ट्राचं २०२५-२६ चं बजेट आरामात पास झालं म्हणजे काळजीचं कारण नाही. अजिबात पटलं नाही. बहुमत असलं की बजेट पास होतंच हो, सभागृह देतं ती खर्चाची परवानगी, तिजोरीत पैसे आहेत का हा वेगळाच विषय. आणि चर्चा तरी कुठे पूर्ण होते, वेळ संपला की उरलेल्या खात्यांच्या मागण्या गिलोटिन लावून चर्चेविना मंजूर. मार्च २०२५ मध्ये एवढी तूट दाखवली आणि ३० जूनला परत ५७ हजार कोटींच्या वर पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या आल्या, मग मार्चचा अंदाज कसला?

राज्याला नोटा छापता येत नाहीत, कर्ज काढायला राज्यघटनेच्या कलम २९३ खाली केंद्राची संमती लागते, राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरायची एकूण तूट, राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (जीएसडीपी) ३ टक्क्यांच्या आत ठेवायची, मग कात्री लागते ती निधी सोडताना.

माझा भाऊ रस्त्यांची छोटी कामं घेतो. काम पूर्ण, मोजमाप पुस्तिकेत नोंद, बिलावर सह्या सगळं झालं, पण विचारायला गेलं की एकच उत्तर, बीडीएसवर (सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) निधी नाही. ३१ मार्चच्या रात्री थोडी रक्कम पडली, बाकीची पुढच्या वर्षात. डांबराचे आणि मजुरांचे पैसे त्याने कधीच चुकते केलेत, व्याज तो भरतोय. म्हणून म्हणतो, बजेटच्या पुस्तकात खातेनिहाय थकीत बिलांचा आकडा पण छापा, मग कळेल खरी तूट किती ते.